गायतोंडे आमच्या भिंतीवर का नाहीत?

चित्रकार वासुदेव गायतोंडे १९२४ साली नागपुरात जन्मले. सय्यद हैदर रझा १९२२ साली मंडला जिल्ह्यातल्या जंगलभागातल्या एका गावात जन्मले आणि १९३९ मध्ये चित्रकला शिकायला नागपूरच्या कलाशाळेत आले. तेव्हा मंडला आणि नागपूर एकाच मध्य प्रांतात होते. भारतातल्या अमूर्त चित्रकलेबद्दल बोलताना ही दोन नावं वगळून पुढे जाता येत नाही, आणि दोन्ही नावांशी विदर्भाचा संबंध आहे. मी यवतमाळ जिल्ह्यात चित्रकला शिकवते. परीक्षांच्या, स्पर्धांच्या, प्रशिक्षणांच्या निमित्ताने पुष्कळ शाळा, वाचनालयं, ग्रामपंचायतींची कार्यालयं पाहिली. यांपैकी एकाही भिंतीवर मला गायतोंडे किंवा रझा दिसले नाहीत. मूळ चित्राची अपेक्षा कोणीच करत नाही. पण नीट छापलेली, चौकटीत बसवलेली एखादी प्रतही नाही. गायतोंडे आमच्याकडे पोचतात ते वर्तमानपत्रातून, आणि तेही आकड्याच्या रूपात. २०१३ साली मुंबईत क्रिस्टीजच्या लिलावात त्यांचं एक चित्र २३ कोटी ७० लाखांना गेलं, ही बातमी आमच्या शिक्षकांच्या खोलीत मोठ्याने वाचली गेली होती. ते चित्र कसं आहे, हे मात्र कुणी विचारलं नाही, कारण बातमीसोबत छापलेला फोटो तिकिटाएवढा होता.

खेड्यातल्या शाळेत, ड वर्गाच्या, म्हणजे सर्वात लहान श्रेणीच्या वाचनालयात, प्राथमिक आरोग्य केंद्रात, म्हणजे जिथे माणसांना थांबावं लागतं आणि समोर भिंत असते तिथे, अमूर्त चित्रांच्या चांगल्या प्रती सार्वजनिक पैशातून लागल्या पाहिजेत, असं माझं ठाम मत आहे. त्यातही मला आग्रह धरायचा आहे तो रंगाच्या मोठमोठ्या क्षेत्रांनी बनलेल्या चित्रांचा, कारण गावाला ती नकोत असं सगळ्यात आधी त्यांच्याच बाबतीत ठरवलं जातं. १९५० च्या आसपास न्यूयॉर्कमध्ये मार्क रॉथको, बार्नेट न्यूमन, क्लिफर्ड स्टिल हे चित्रकार माणूस, झाड, घर असं काहीही न काढता फक्त रंगाचे विस्तीर्ण भाग कॅनव्हासवर मांडू लागले. हेलन फ्रँकेनथेलरने १९५२ मध्ये अस्तर न लावलेला कॅनव्हास जमिनीवर पसरून त्यावर पातळ केलेला रंग ओतला आणि तो कापडात मुरू दिला. गायतोंडे याच काळात मुंबईत आपल्या वाटेने रंगाच्या थरांकडे निघाले होते; १९६४ मध्ये शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कलाही जाऊन आले. अशा चित्रांत कथा नसते. रंगाशेजारी रंग ठेवल्यावर जे घडतं, तेच पाहायचं असतं.

आता आमच्या भिंती पाहा. ग्रामपंचायतीत नेत्यांच्या तसबिरी, योजनांचे तक्ते, चौकात वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फ्लेक्स. शाळेच्या भिंतीवर पाढे, अपूर्णांक, जिल्ह्याचा नकाशा, सुविचार, आणि अलीकडे दूरदर्शनवरची कार्टूनं. इमारतच शिकवण्याचं साधन व्हावी, ही कल्पना चांगली आहे, मी स्वतः पायऱ्यांवर अंक रंगवले आहेत. आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लसीकरणाचं वेळापत्रक हवंच. पण या सगळ्या भिंती मिळून एक गोष्ट घडते: गावातली प्रत्येक सार्वजनिक भिंत एकतर शिकवते, नाहीतर बजावते, नाहीतर कुणाचा तरी उदो उदो करते. नुसतं पाहण्यासाठी असलेलं काहीही तिथे नसतं. देवळात असतं, आणि देवळातल्या दर्शनाला आपला वेगळा अर्थ आहे.

घरांच्या भिंती मात्र बदलल्या आहेत. घरकुल असो की कापसाच्या चांगल्या वर्षात बांधलेलं स्लॅबचं घर, समोरच्या खोलीत आता धावणाऱ्या सात पांढऱ्या घोड्यांचा कॅनव्हास असतो, कारण वास्तूला चांगला. ज्यांची मुलं पुण्याला नोकरीला आहेत त्यांच्याकडे ऑनलाइन मागवलेली ‘मॉडर्न आर्ट’ची तीन तुकड्यांची चौकट येते: करडा, सोनेरी, निळा असे पट्टे. मी अशा चौकटी उलट्या करून पाहिल्या आहेत. मागे बारकोड असतो, माप असतं, चित्रकाराचं नाव नसतं. रॉथकोची मांडणी कुणीतरी उचललेली असते आणि सोफ्याच्या कापडाला जुळावेत म्हणून रंग बदललेले असतात. म्हणजे अमूर्त चित्र गावात आलेलंच आहे. आलं नाही ते त्याच्या कर्त्याचं नाव, त्याचं साल आणि त्यातला खरा रंग. म्हणून ‘गावाला हे पचणार नाही’ हा मुद्दा माझ्यासाठी संपलेला आहे. प्रश्न आहे तो गावाच्या वाट्याला कायम उतरलेला माल का यावा हा.

छापील प्रत ही काही हलकी गोष्ट आहे, असंही आपल्याकडे कधी नव्हतं. राजा रवि वर्मांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि लक्ष्मी, सरस्वतीची तैलचित्रं कागदावर छापून देशभर पाठवली. ज्या माणसांना मूळ तैलचित्र आयुष्यात कधी दिसणार नव्हतं, त्यांच्या घरात ती चित्रं चौकटीत बसली आणि देव्हाऱ्यापर्यंत पोचली. आमच्या भागातल्या जुन्या वाड्यांच्या माजघरात अजून अशा तसबिरी सापडतात, कडेने वाळवीने खाल्लेल्या, मधला चेहरा तेवढा शाबूत. लक्ष्मी कशी दिसते, याची कित्येक मराठी घरांतली कल्पना त्या छपाईने घडवली. छापील प्रतीत एवढी ताकद असते, हे शंभर वर्षांपूर्वीच सिद्ध झालेलं असताना, रंगाकडे पाहण्याची सवय ती घडवू शकणार नाही असं मानायला मला कारण दिसत नाही.

‘लोकांना कळणार नाही’ हे वाक्य मी सर्वात जास्त ऐकलं आहे, आणि ते बोलणारी माणसं बहुतेक वेळा गावातली नसतात, किंवा गाव सोडून गेलेली असतात. खेड्यातला माणूस दिवसभर रंग वाचत असतो. कपाशीचं पान लाल पडलं तर लाली कडेपासून सुरू झाली की सगळ्या पानावर पसरली, हे पाहून तो तुडतुड्यांची कीड आहे की लाल्या रोग, याचा अंदाज बांधतो, आणि फवारणीचा खर्च त्या अंदाजावर ठरतो. सोयाबीनवरचा पिवळा मोझॅक त्याला बांधावरून दिसतो. भातासाठी तर पानाच्या हिरव्या छटांचा तक्ताच असतो. पान त्या तक्त्याशी जुळवून युरिया द्यायचा की थांबायचं ते ठरवतात. जिनिंगच्या दारात कापसाचा भाव पांढरेपणावर कमी-जास्त होतो, आणि तिथे ‘थोडा पिवळसर’ या शब्दावरून भांडणं होतात. मातीच्या घरांना दिवाळीआधी पांढऱ्या मातीचा पोतारा देऊन खाली गेरूचा पट्टा ओढणाऱ्या बायांना, तो पट्टा किती उंच घ्यायचा आणि कुठे संपवायचा हे कुणी शिकवलेलं नसतं, तरी तो प्रत्येक घराला बरोबर बसतो. पोळ्याला बैलाच्या शिंगांचा रंग झुलीच्या रंगाशी जुळतो की नाही, यावर आमच्याकडे तास तास चर्चा होते. ही तयार नजर आहे. तिच्यासमोर ठेवायला आपण काही आणलेलं नाही.

आमच्या गावच्या वाचनालयात समितीच्या आग्रहाने रॉथकोच्या एका चित्राची प्रत लावली. वर करडा, खाली काळपट तपकिरी, दोन्ही आयत कडेला विरत गेलेले. बरेच दिवस कुणी काही बोललं नाही. मग वर्धापनदिनासाठी वाचनालय रंगवायला पेंटर आले. सरकारी भिंतीला असतो तसा खाली कमरेएवढा ऑइल पेंटचा गडद पट्टा आणि वर डिस्टेंपर, असं काम चाललं होतं. चौकट उतरवून त्यांनी टेबलावर ठेवली आणि ब्रश हातात तसाच धरून वाकून पाहत राहिले. मग मला हाक मारली. ‘‘मॅडम, याच्या खालतं लाल हाये. वरून करडा मारला, पन काठाले पाहा, लाल झाकल्या नाही गेला. मुद्दामच ठेवला असन थो.’’ आणि थोड्या वेळाने, ‘‘किती हात मारले असतीन याले?’’

रॉथकोवर संशोधन करणाऱ्यांनी प्रयोगशाळेत नेमका हाच प्रश्न विचारला आहे. त्याने रंगात अंडं, राळ, सरस मिसळून पाण्यासारखे पातळ हात एकावर एक दिले, म्हणून खालचा रंग वरच्यातून उजळत राहतो. आयुष्यभर भिंती रंगवलेल्या माणसाला हे छापील प्रतीतही दिसलं, कारण कडेला कुठे काय निसटतं हे पाहण्याची त्याच्या डोळ्यांना सवय आहे. ती प्रत नसती तर ही सवय आणि ते चित्र यांची गाठ पडलीच नसती. मला एवढी भेट पुरेशी वाटते. त्यातून पुढे काय निघालं पाहिजे, अशी अट मी घालणार नाही.

एक आक्षेप मात्र मला गंभीर वाटतो, आणि तो चित्रकारांकडूनच येतो. त्यांचं म्हणणं असं की रंगक्षेत्रांच्या चित्राची प्रत निघूच शकत नाही. निसर्गचित्राची, व्यक्तिचित्राची प्रत काढली तर निदान विषय उरतो. इथे विषयच नाही. आहे तो पृष्ठभाग आणि आकार, आणि नेमक्या त्याच दोन गोष्टी छपाईत जातात. हे खरं आहे. न्यूमनचं १९५०-५१ मधलं ‘व्हिर हिरोइकस सब्लिमिस’ हे लाल चित्र सुमारे अडीच मीटर उंच आणि साडेपाच मीटर लांब आहे. ते जवळ उभं राहून पाहावं, असं त्याने प्रदर्शनात लिहून लावलं होतं, म्हणजे लाल रंग माणसाच्या दोन्ही बाजूंनी पुढे जातो आणि कडा नजरेत मावत नाहीत. तेच चित्र दीड फुटाच्या चौकटीत आलं की लाल रंगाची एक वस्तू होतं. गायतोंडे रोलरने रंग पसरत, चाकूने खरवडत, कागदाचे तुकडे दाबून उचलत; त्यातून कॅनव्हासवर उंचसखल खुणा उरतात, आणि बाजूने प्रकाश पडला की त्या जाग्या होतात. छपाईत ती खूण नुसती रेघ होते. शिवाय छपाईच्या शाईला काही नारिंगी आणि काही गडद निळे रंग पकडताच येत नाहीत, आणि छपाईवाला गिऱ्हाइकाला आवडावं म्हणून सगळंच थोडं भडक करतो.

यावरून प्रत लावूच नये असा निष्कर्ष निघत नाही, प्रत कशी लावावी याच्या अटी निघतात. पहिली अट म्हणजे मापात राहणारी चित्रं आधी निवडा. वासिली कँडिन्स्कीचा १९१३ मधला चौकोनांत एकात एक वर्तुळं काढलेला रंगांचा अभ्यास म्युनिकच्या संग्रहालयात आहे. तो कागदावर केलेला, साधारण २४ बाय ३२ सेंटिमीटरचा, म्हणजे आमच्या मुलांच्या चित्रकलेच्या वहीएवढा आहे. त्याची प्रत मूळ मापात, कागदावरच निघते. काझिमिर मालेविचचं १९१८ मधलं पांढऱ्यावर पांढरा चौकोन हे चित्र सुमारे ७९ सेंटिमीटर लांबी-रुंदीचं आहे. तेही खऱ्या मापात शाळेच्या भिंतीवर बसतं. मोठ्या चित्रांसाठी पूर्ण चित्राची लहान प्रत आणि शेजारी त्यातल्या एका कोपऱ्याची मूळ मापातली प्रत, अशी जोडी लावावी. आणि मूळ आकार मुलांकडून बाहेरच्या भिंतीवर खडूने आखून घ्यावा. मी सातवीच्या वर्गाकडून न्यूमनचा तो आयत शाळेच्या मागच्या भिंतीवर मोजून आखून घेतला. शिडी आणावी लागली, वर्गातला सगळ्यात उंच मुलगा वरच्या रेघेपर्यंत पोचला नाही, आणि आखून झाल्यावर वर्ग त्या चौकटीसमोर ओळीने उभा राहिला तरी दोन्ही बाजूंना जागा उरली. मग आत येऊन त्यांनी लहान प्रत पुन्हा पाहिली. एका मुलीने विचारलं, ‘‘मॅडम, एवढा लाल रंग कालवताना सगळीकडं सारखा कसा आला असन?’’ उत्तर शोधायला आम्ही पोस्टर कलरच्या बाटल्या काढल्या, आणि एकाच बाटलीतला लाल दोन वेळा कालवला की दोन वेगळे लाल होतात, हे त्या तासाला सगळ्यांनी स्वतःच्या हाताने पाहिलं.

आणि मूळ चित्र म्हणजे कायम टिकणारं सत्य, असंही नाही. रॉथकोने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला हार्वर्ड विद्यापीठासाठी मोठी भित्तिचित्रं केली. ती उन्हाच्या खोलीत लागली आणि त्यात वापरलेला एक लाल रंग कच्चा निघाला. काही वर्षांत चित्रं इतकी फिकी पडली की उतरवून ठेवावी लागली. २०१४ मध्ये ती पुन्हा लोकांसमोर आली तेव्हा कॅनव्हासला हात न लावता प्रोजेक्टरच्या प्रकाशाने हरवलेला रंग त्यावर पाडला होता. मूळ रंग कोणता होता, हे कशावरून ठरवलं? १९६४ साली काढलेल्या रंगीत पारदर्शिकांवरून, म्हणजे स्लाइडसारख्या फिल्मवरच्या छायाचित्रांवरून, ज्या स्वतःही फिक्या पडल्या होत्या आणि आधी दुरुस्त कराव्या लागल्या. इथे प्रतीने मूळ चित्राला त्याचा रंग परत दिला. ज्यांना प्रत म्हणजे फसवणूक वाटते, त्यांनी या उदाहरणाचा विचार करावा.

ऊन तर आमच्याकडे हार्वर्डपेक्षा पुष्कळ आहे. मे महिन्यात पारा छेचाळीसच्या पुढे जातो, त्यानंतर चार महिने भिंती ओलावा धरतात, आणि वाळवीला लाकडाची चौकट म्हणजे मेजवानी. म्हणून चौकट करताना ज्या गोष्टी फोटोफ्रेमवाल्याकडून मागून घ्याव्या लागतात, त्या इथे सांगते, कारण बाजारातल्या दुकानात त्या आपोआप मिळत नाहीत. छपाई पिगमेंट शाईची, म्हणजे रंगाचे बारीक कण असलेल्या शाईची हवी. डाय शाईचे, म्हणजे विरघळलेल्या रंगाच्या शाईचे रंग दोन उन्हाळ्यांत उडू लागतात. कागद सुती किंवा आम्लविरहित हवा. कागद आणि काच यांच्यामध्ये जाड माउंट, म्हणजे मधे खिडकी कापलेला पुठ्ठा घालून फट ठेवायची, नाहीतर पावसाळ्यात छपाई काचेला चिकटते आणि काढताना रंग निघून येतो. मागचा पुठ्ठा सीलबंद करायचा. चौकटीच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बूच किंवा रबराचे तुकडे लावले की भिंतीत आणि चौकटीत हवा खेळते, बुरशी धरत नाही. पश्चिमेच्या खिडकीसमोर कधीही टांगू नये. आणि खाली पट्टीवर चित्रकाराचं नाव, साल, माध्यम आणि मूळ माप मराठीत लिहायचं, म्हणजे पाहणाऱ्याला आपण काय पाहतो आहोत आणि काय राहून गेलं आहे, हे दोन्ही कळतं.

हे सगळं कोणत्या जिल्ह्यात बोलते आहे, याचं मला भान आहे. यवतमाळचं नाव देशाला शेतकरी आत्महत्यांमुळे ठाऊक झालं, आणि ज्या घरांत ते घडलं त्या घरांतली मुलं माझ्या वर्गात बसली आहेत. ‘तिथे चित्रं कसली लावता’ असं कुणी विचारलं की मी ते हलक्यात घेत नाही. पण कापसाला भाव मिळाला पाहिजे, या मागणीतून त्या मुलाच्या शाळेची भिंत ओसाड राहावी असं कसं निघतं? चौकातल्या फ्लेक्सवर, उद्घाटनांच्या मंडपांवर वर्षभरात जो पैसा जातो, त्याचा लहानसा भाग या कामाला पुरतो. आणि गरिबीत कलेचं स्थान काय, यावर आमच्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात एका माणसाने विचार करून ठेवला आहे. गांधीजी १९३६ मध्ये सेवाग्रामला राहायला आले. तिथल्या बापू कुटीच्या मातीच्या भिंतीवर गांधीजींच्या शिष्या मीराबेनने काढलेली ताडाच्या झाडांची आणि चरख्याची उठावचित्रं आजही आहेत. १९३८ च्या हरिपुरा काँग्रेससाठी गांधीजींनी नंदलाल बोस यांना बोलावलं आणि खेड्यातल्या लोकांना येता-जाता दिसावीत अशी शेकडो चित्रं बांबूच्या मंडपांवर लागली. तीही एका चित्राच्या अनेक प्रती काढूनच झाली होती. देशाची गरिबी त्यांच्याइतकी जवळून पाहिलेल्या माणसाला तो खर्च वायफळ वाटला नाही.

परदेशी चित्रांऐवजी इथल्या चित्रकारांना काम द्या, असंही सुचवलं जातं. द्यावंच. झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदे रंगवणाऱ्यांपासून बोर्ड रंगवणाऱ्यांपर्यंत हाताला काम नसलेली कितीतरी माणसं आहेत. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीत शंभरहून जास्त मुलं असलेल्या शाळेला कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिक्षक सांगितला आहे, आणि मी पाहिलेल्या कित्येक शाळांत ही जागा भरलेली नाही. ती भरण्यासाठी मी या प्रतींपेक्षा जास्त जोराने भांडेन. पण त्या निदेशकाला वर्गात दाखवायला काय असणार? आज त्याच्या हातात मोबाइलचा पडदा असतो, ज्यावर न्यूमनचा लाल आणि कँडिन्स्कीचा लाल सारख्याच चकाकीने दिसतात आणि बोट लावलं की निघून जातात. भिंतीवरची चौकट तिथेच असते. पहिलीतला मुलगा सातवीत जाईपर्यंत ती रोज त्याच्या नजरेखालून जाते.

रझा सांगत की लहानपणी त्यांचं लक्ष कशातच लागत नसे, तेव्हा शाळेतल्या गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढून त्याकडे पाहत बसायला सांगितलं. पुढे तोच बिंदू त्यांच्या चित्रांच्या मध्यभागी येऊन बसला. जंगलातल्या एका खेड्यातल्या शाळेच्या भिंतीवर, काहीही न शिकवणारा, कशाचंही चित्र नसलेला एक काळा ठिपका. ज्यांना शाळेच्या भिंतीवर अमूर्त चित्र विसंगत वाटतं, त्यांना मी हे सांगते. रॉथकोलाही आपलं चित्र कुठे लागतं याची फार काळजी होती. न्यूयॉर्कच्या एका महागड्या उपाहारगृहासाठी घेतलेलं काम त्याने पैसे परत करून सोडलं, कारण जेवणाऱ्यांच्या पाठीमागची सजावट होणं त्याला मान्य नव्हतं. त्याची चौदा चित्रं ह्यूस्टनमधल्या एका प्रार्थनागृहात १९७१ पासून आहेत, आणि त्यांच्यासमोर लोक नुसते बाकावर बसलेले असतात. आमच्या आरोग्य केंद्रात बाक आहे. लेकरू मांडीवर घेऊन बायका त्यावर तासन्‌तास नंबरची वाट पाहतात. समोरच्या भिंतीवर कुटुंब नियोजनाच्या तक्त्याशेजारी हातभर जागा सहज निघते.

काम कसं सुरू करावं, यावरही माझं मत आहे. एका तालुक्यातल्या दहा-बारा वाचनालयांनी आणि शाळांनी मिळून एक संच करावा आणि चौकटी दर सहामाहीला गावोगाव फिरवाव्यात, म्हणजे खर्च वाटला जातो आणि भिंतीवरचं चित्र सवयीचं होऊन दिसेनासं होण्याआधी बदलतं. सुरुवात कँडिन्स्की, मालेविच, पॉल क्ले यांच्यापासून करावी. हे तिघेही १९४५ च्या आत वारले, आपल्या कायद्याप्रमाणे चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतो, त्यामुळे त्यांच्या प्रती छापायला कुणाची परवानगी लागत नाही. संग्रहालयांची चांगली छायाचित्रं मिळतात आणि नागपुरात पिगमेंट छपाई होते. रॉथकोची प्रत मात्र रीतसर परवान्याची विकत घ्यावी लागते.

गायतोंडे २००१ साली वारले. म्हणजे त्यांच्या चित्रांवरचा हक्क २०६१ संपेपर्यंत राहणार आहे. यंदा पहिलीत बसलेलं मूल तोवर चाळिशी ओलांडेल. राज्यातलं मोठं आधुनिक कलासंग्रहालय आमच्यापासून शेकडो किलोमीटरवर मुंबईत आहे, गडचिरोलीच्या मुलासाठी तर हजाराच्या आसपास, आणि न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने २०१४ मध्ये भरवलेलं गायतोंडेंचं प्रदर्शन आमच्यातल्या कुणीच पाहिलेलं नाही. एकेका वाचनालयाने हक्कधारकांना शोधून परवानगी मागणं शक्य नाही. ते काम राज्याच्या कला संचालनालयाचं आहे: गायतोंडे आणि रझा यांची पाच-पाच चित्रं निवडायची, ना-नफा शैक्षणिक वापरासाठी एकदाच परवानगी आणि योग्य मानधन ठरवायचं, रंग मूळ चित्राशी ताडून घेतलेली फाइल तयार करायची, आणि विदर्भातली जी शाळा किंवा वाचनालय मागेल त्याला छापून द्यायचं. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांमुळे राज्यातल्या हजारो शाळांचे पत्ते त्यांच्याकडे आहेतच. आमच्या वाचनालयाने या मागणीचा ठराव केला आहे. इतर गावांनीही आपल्या ग्रामसभेत तो मांडावा आणि ठरावाची प्रत थेट संचालनालयाला पाठवावी.